कॉलेजात मन थकलं तर: पहिल्या नोंदीपासून पहिल्या अपॉइंटमेंटपर्यंत

कॉलेजातल्या मुलामुलींशी मनाच्या त्रासाबद्दल बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘माझं खरंच एवढं आहे का, की कोणाकडे जावं?’ विचारणाऱ्याची झोप महिनाभर उडालेली असते, प्रॅक्टिकलं बुडालेली असतात, जेवण कसंबसं एक वेळ होत असतं. तरी त्याला वाटत असतं की खरा त्रास दुसऱ्या कोणाला तरी आहे, आपण उगाच बाऊ करतोय. ज्यांनी आजवर समुपदेशकाचं दार उघडलेलं नाही आणि जे याच प्रश्नापाशी अडून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. त्रास किती खोल आहे हे मोजत बसू नका, रोजची कामं अडताहेत का ते बघा. अंघोळ, जेवण, झोप, तासाला जाणं, फोन उचलणं, चार माणसांत बसणं यातलं काही आठवडेच्या आठवडे अडलं असेल तर जायचं. कारण सापडो न सापडो. घरी सगळं ठीक आहे, पैशाची अडचण नाही, मार्कही बरे आहेत, मग मला त्रास होण्याचा हक्क काय, असा हिशेब पुष्कळ जण मांडतात. आजार असला हिशेब बघून येत नाही.

आणि या वयात तो येणं काही जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार झालेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा विकार चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला होता, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमात आठ देशांतल्या १९ कॉलेजांमधल्या जवळपास १४,००० प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली होती. २०१८ मध्ये तिचे निकाल आले. नैराश्य, चिंता, पॅनिक, व्यसन अशा नेहमीच्या सहा विकारांपैकी किमान एकाची लक्षणं आयुष्यात कधीतरी जाणवल्याचं सुमारे ३५ टक्के मुलांच्या उत्तरांतून दिसलं. म्हणजे वर्गात तुमच्या बाकावर तिघं बसत असतील तर त्यातला एक.

आधी हे: कोणत्या वेळी थांबायचं नाही

पुढच्या पायऱ्या सावकाश करायच्या आहेत. पण काही गोष्टींत सावकाशपणा चालत नाही. मरून जावं असं वाटतंय आणि ते कसं करायचं याचेही विचार येताहेत. स्वतःला इजा करून झाली आहे. इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येताहेत, किंवा सगळे मिळून आपल्यावर पाळत ठेवताहेत अशी खात्रीच झाली आहे. रात्र रात्र झोप नाही आणि तरी अंगात उधाण आल्यासारखी ताकद आहे, बोलणं थांबत नाही, पैसे वाटेल तसे उडताहेत. यातलं काहीही असेल तर नोंदवही, प्रश्नावली सगळं बाजूला ठेवा. आजच एखाद्या माणसाला सोबत घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या देशातल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला फोन लावा. हेल्पलाइनचा नंबर गरज पडायच्या आधीच फोनमध्ये साठवून ठेवलेला बरा, कारण ऐन वेळी शोधायची बुद्धी होत नाही.

पायरी पहिली: दोन आठवडे लिहून ठेवा

दोनच आठवडे का? नैराश्याचं निदान करताना डॉक्टर किमान दोन आठवड्यांचा काळ धरतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घालमेल किंवा ब्रेकअपनंतरचा रडवेला आठवडा यांत आणि आजारात फरक करायला तेवढे दिवस लागतात.

रोज रात्री पाच ओळी पुरतात. किती वाजता झोपलो, कधी उठलो, मध्ये जाग आली का. काय खाल्लं. कोणत्या तासांना गेलो आणि कोणते बुडवले. कोणाशी दोन शब्द बोललो. आणि दिवसभरात कोणती एक गोष्ट करायची होती ती झाली की नाही. मूडला दहापैकी आकडा द्यायचा असेल तर द्या, पण खरा उपयोग पहिल्या पाच ओळींचा होतो. ‘वाईट वाटलं’ या वाक्यातून डॉक्टरला फारसं कळत नाही. ‘बारा दिवसांत चार तासांना गेले आणि रोज पहाटे चारला जाग आली’ यातून बरंच कळतं.

लिहिताना एक लक्षात ठेवा. कॉलेजच्या वयातलं नैराश्य नेहमी रडत येत नाही. पुष्कळदा ते चिडचिड होऊन येतं: रूममेटने कपाट जोरात लावलं म्हणून तासभर डोकं भणभणतं. कधी पोटात गोळा, डोकेदुखी, सारखं अंग दुखणं होऊन येतं. कधी दिवसभर झोप आणि रात्रभर स्क्रोलिंग. आणि टाळाटाळ तर नेहमीचीच. असाइनमेंटची फाइल उघडली की छातीत धस्स होतं, म्हणून ती बंद करायची, मग थोडा वेळ बरं वाटतं. त्या ‘थोडं बरं’ची सवय लागते. बाहेरून बघणारा त्याला आळस म्हणतो, मुलगा स्वतःलाही आळशी म्हणतो, आणि मूळ भीती तशीच राहते.

उलटही होतं. मार्क उत्तम, हजेरी पूर्ण, सगळ्या समित्यांवर नाव, आणि आतून पोकळ. आपण इथे चुकून आलो, एक दिवस सगळ्यांना कळेल की आपल्याला काही येत नाही, ही भीती हुशार मुलांमध्ये इतकी आढळते की १९७८ मध्येच पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. इम्पोस्टर सिंड्रोम म्हणून ती आज ओळखली जाते. तो आजार नाही. पण त्या भीतीपायी झोप आणि जेवण जायला लागलं तर गोष्ट निराळी. टॉपरला मदत लागत नसेल, असं प्राध्यापकांनाही वाटतं, म्हणून अशी मुलं सर्वांत उशिरा पोचतात.

दोन आठवडे झाले की दोन प्रश्नावल्या भरून बघा. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७. दोन्ही फुकट मिळतात, अनेक भाषांत आहेत आणि जगभरचे डॉक्टर वापरतात. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तज्ज्ञाला भेटायचं, असं साधारण धरलं जातं; २० किंवा त्याहून जास्त असेल तर नैराश्य तीव्र मानतात. जीएडी-७ ला २१ गुण असतात, तिथेही १० हाच उंबरठा. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याखेरीज काहीही असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, कोणाशी तरी बोलायचं.

आकडा म्हणजे निदान नव्हे, एवढं मात्र पक्कं लक्षात असू द्या. बेरीज आठ आली म्हणून घरी बसलेली आणि तरी खरोखर आजारी असलेली मुलं असतात.

पायरी दुसरी: शरीराचं काही आहे का ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. थायरॉइडचं काम मंदावलं, रक्तात लोह कमी झालं किंवा बी-१२ कमी पडलं, तर थकवा, उदासी, लक्ष न लागणं अशी लक्षणं दिसतात आणि ती थेट नैराश्यासारखी भासतात. साध्या डॉक्टरकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल तर उलट छातीत धडधड आणि घाबरं व्हायला होतं, ते चिंतेसारखं वाटतं. मुरुमं, दमा किंवा आणखी कशासाठी औषधं चालू असतील तर तीही सांगा.

मग आपल्याच सवयींकडे बघा. कॉफी आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या मोठ्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. ज्याला आधीच धडधड होते त्याने हे मुद्दाम तपासावं. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो आणि दुसऱ्या दिवशी घाबरल्यासारखं होतं. गांजाबद्दल कॉलेजात फार गोड बोललं जातं. घरात कोणाला सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, भलते संशय पक्के होणं) किंवा स्किझोफ्रेनिया झालेला असेल तर त्या वाटेला जाऊच नका. जास्त आणि लहान वयात घेणाऱ्यांमध्ये हा धोका वाढतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. डॉक्टरपुढे यातलं काही लपवू नका. ते पोलीस नाहीत.

पायरी तिसरी: कोणाकडे जायचं ते ठरवा

इथे नव्या माणसाचा फार गोंधळ उडतो, म्हणून सरळ सांगते.

कॉलेजमधला समुपदेशक ही बहुतेकांसाठी पहिली जागा. तो बोलून मदत करतो, औषध देत नाही. जुळवून घेण्याच्या अडचणी, परीक्षेची भीती, नात्यांमधले ताण, घरची आठवण यांसाठी बहुधा तेवढं पुरतं. त्याहून जास्त काही दिसलं तर तोच पुढे पाठवतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे विकारांचं मूल्यमापन आणि थेरपी यांचं खास शिक्षण घेतलेला. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा आधी वैद्यकीय डॉक्टर असतो; निदान आणि औषधं हे त्याचं काम.

थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे कधी जावं? झोप आणि भूक पार कोलमडली असेल, मरणाचे विचार येत असतील, आवाज किंवा भलते संशय असतील, किंवा घरात बायपोलरचा, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद अशा आजाराचा, इतिहास असेल तर. बाकी वेळी कुठल्याही दारातून आत शिरलात तरी चालतं. योग्य दार कोणतं याचा विचार करत सेमिस्टर घालवण्यापेक्षा चुकीच्या दारातून लवकर गेलेलं बरं.

अपॉइंटमेंट घेताना शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नका. वीकेंडचा कोर्स करून ‘लाइफ कोच’ झालेले पुष्कळ आहेत. ‘दोन सेशनमध्ये नैराश्य कायमचं घालवतो’ म्हणणारा भेटला तर उठून या. ॲपवरच्या चॅटबॉटशी बोलून मोकळं वाटत असेल तर बोला, पण वर सांगितलेल्या तातडीच्या गोष्टींसाठी त्याच्यावर विसंबू नका.

फोनवर काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढं वाक्य पुरे: ‘मला पहिल्यांदाच भेटायचं आहे, गेले काही आठवडे झोप आणि अभ्यास दोन्ही बिघडलंय, लवकरात लवकरची वेळ कधीची मिळेल?’ पुढच्या महिन्याची वेळ मिळाली तर ती घ्याच, आणि कोणी रद्द केली तर कळवा असं सांगून ठेवा. वाट बघायला लागणार म्हणून फोन ठेवून देणारे खूप असतात. तोच महिना मग तसाही जातो.

पायरी चौथी: एका माणसाला सांगा

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एकाला. शक्यतो अशाला, जो ऐकून लगेच उपाय सांगायला लागत नाही. पूर्ण कहाणी सांगायची सक्ती नाही. ‘मला काही दिवसांपासून बरं वाटत नाहीये, मी मंगळवारी समुपदेशकाकडे जाणार आहे, तू दारापर्यंत येशील का?’ यात मागणी स्पष्ट आहे, म्हणून समोरच्याला काय करायचं ते कळतं. नुसतं ‘मला खूप त्रास होतोय’ म्हटलं तर तो बिचारा गडबडतो आणि सकारात्मक विचार कर वगैरे म्हणून मोकळा होतो.

घरच्यांचं अवघड असतं. आईवडील घाबरतात, आणि घाबरलेली माणसं रागावतात किंवा हसण्यावारी नेतात. त्यांना विकाराचं नाव सांगण्याआधी न होणारी कामं सांगा: झोप लागत नाही, वजन कमी झालंय, वाचलेलं डोक्यात राहत नाही. शरीराच्या भाषेतलं त्यांना लवकर पटतं. पहिल्या फोनवर सगळं समजून घेतील ही अपेक्षा नको. घरीच त्रासाचं मूळ असेल तर मात्र त्यांना आधी सांगायलाच हवं असं नाही. ते समुपदेशकाशी बोलून ठरवा.

प्राध्यापकांना किती सांगायचं? जेवढं कामाला लागेल तेवढंच. मेल असा लिहिता येईल:

‘सर, तब्येतीच्या कारणामुळे मला दोन आठवडे तासांना येता आलेलं नाही. उपचार सुरू करत आहे. १२ तारखेची असाइनमेंट एका आठवड्याने दिली तर चालेल का? गरज असल्यास प्रमाणपत्र देईन.’

मानसिक आजार म्हणजे तब्येतच, त्यामुळे यात खोटं काही नाही. मेल मुदत उलटण्याआधी गेला तर सवलत मिळायची शक्यता बरीच वाढते. मुदत उलटून गेल्यावरही पाठवाच, फक्त माफीनामा चार परिच्छेदांचा करू नका. कॉलेजमध्ये परीक्षेत जादा वेळ, हजेरीत सूट, सेमिस्टर पुढे ढकलणं यांपैकी कशाची सोय आहे ते विद्यार्थी कार्यालयात विचारा. हे नियम बहुधा कोणी आपणहून सांगत नाही.

पायरी पाचवी: पहिली भेट

पहिल्या भेटीत उपचार फारसा होत नाही, माहिती घेतली जाते. कधीपासून, काय, किती, घरात कोणाला असं काही होतं का, आधी कधी झालं होतं का, झोप, भूक, नशा, नाती, आणि मरणाचे विचार. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारतात, तुमच्याकडे बघून काही वाटलं म्हणून नव्हे. लहानपणच्या आठवणी उकरून काढतील अशी धास्ती अनेकांना असते. ज्यावर बोलायचं नाही त्याला ‘यावर आत्ता नको’ म्हणता येतं, आणि चांगला समुपदेशक तिथे थांबतो.

सोबत नोंदवही न्या. फोनमध्ये तीन वाक्यं लिहून न्या: काय होतंय, कधीपासून, मला काय बदलायला हवंय. आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही तर फोन पुढे करायचा. बरेच जण तेच करतात. रडू आलं तर येऊ द्या; टेबलावर टिश्यूचा डबा उगाच ठेवलेला नसतो.

गोपनीयतेबद्दल तुम्हीच आधी विचारा: ‘इथे बोललेलं कोणाला कळतं?’ सर्वसाधारण नियम असा, की बोललेलं बाहेर जात नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा न्यायालयाने मागितलं, तर ही मर्यादा सुटते. तपशील देशागणिक बदलतात. कॉलेजच्या केंद्रातली नोंद प्राध्यापकांना दिसते का, घरी पत्र जातं का, हेही स्पष्ट विचारून घ्या. या शंकेपायी अर्धवट बोलण्यापेक्षा पहिली पाच मिनिटं त्यात गेलेली चांगली.

सूर जुळला नाही तर? दोन-तीन भेटी द्या. तरी आपण ऐकले जात नाही असं वाटत असेल तर दुसऱ्याकडे जा. थेरपीचा गुण येण्यात समुपदेशक आणि मदत घेणारा यांच्यातल्या विश्वासाचा मोठा वाटा असतो, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. एक जण आवडला नाही म्हणून ‘थेरपी माझ्यासाठी नाही’ असा निकाल लावू नका.

पायरी सहावी: थेरपी आणि औषधं

थेरपीचे प्रकार अनेक आहेत. नैराश्य आणि चिंतेसाठी सर्वांत जास्त अभ्यास झालेला प्रकार सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), त्याचा पाया १९६० च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी घातला. मनात आपोआप उमटणारे विचार पकडायचे, ते कितपत खरे आहेत हे तपासायचं आणि वागणूक थोडी थोडी बदलायची. साधारण १२ ते २० भेटी लागतात आणि घरी करायला काम मिळतं. ते न केल्यास फायदा कमी होतो, हे कडू सत्य आहे.

औषधांविषयी जास्त सांगायला हवं, कारण गैरसमज तिथेच जास्त. नैराश्य आणि चिंतेसाठी सुरुवातीला बहुधा एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी, गोळी देतात. ती झोपेची गोळी नव्हे आणि तिचं व्यसनही लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, झोपेतले बदल, अस्वस्थपणा हे मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतं. म्हणजे सुरुवातीला फायदा नाही आणि त्रास आहे, असा काळ येतो. नेमके तेव्हाच लोक गोळी सोडतात. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम पुष्कळांना होतो आणि लाजेपायी कोणी सांगत नाही. सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं.

तुम्ही पंचविशीच्या आतले असाल तर आणखी एक गोष्ट. या वयात औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००७ मध्ये हा इशारा १८ ते २४ वयोगटालाही लागू केला. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. या काळात डॉक्टरला लवकर लवकर भेटायचं आणि जवळच्या एकाला लक्ष ठेवायला सांगायचं, एवढाच. घरात कोणाला बायपोलर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण नुसत्या नैराश्याच्या गोळीने अशा माणसात उन्मादाची अवस्था उफाळू शकते.

बरं वाटलं की गोळी बंद करायचा मोह होतो. नैराश्यात बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने तरी ती चालू ठेवायला सांगतात, आणि थांबवताना हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं असं काहीबाही होतं. सुट्टीला घरी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर न्या.

वाट पाहायच्या दिवसांत

वेळ मिळालीय पण ती तीन आठवड्यांनी. मधल्या काळात काय?

उठायची वेळ एकच ठेवा, रात्री झोप कधीही लागलेली असो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. पडून वीसेक मिनिटं झाली आणि झोप नाही, तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. अंथरुणात अभ्यास आणि फोन नको.

इच्छा होईल तेव्हा करू, या वाटेने नैराश्यात काहीच होत नाही. इच्छा कामाच्या मागून येते. म्हणून काम अगदी छोटं करा: अंघोळ. इमारतीला एक फेरी. पुस्तकाचं एक पान. करून झाल्यावर किती बरं वाटलं ते नोंदवहीत लिहा. बहुतेकदा वाटलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच बरं वाटतं, आणि ती नोंद दुसऱ्या दिवशी कामी येते.

पॅनिकचा झटका आला तर मरणार असं वाटतं. हात बधिर, श्वास अपुरा, छाती आवळलेली. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग हळूहळू ओसरतो. त्याच्याशी झगडू नका. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ घ्या, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पहिल्यांदाच असं झालं असेल आणि छातीत दुखत असेल तर हृदयाची तपासणी मात्र करून घ्या. पॅनिक आहे असं स्वतःच ठरवू नका.

साचलेल्या अभ्यासाचा डोंगर कागदावर उतरवा आणि तीन भाग करा: जे आता गेलंच ते, ज्याची मुदत वाढवून मिळेल ते, आणि जे याच आठवड्यात झालंच पाहिजे ते. तिसऱ्या भागात बहुधा दोन-तीनच गोष्टी उरतात. या सेमिस्टरला एखादा विषय सोडून द्यावा लागला तर सोडा. आजारपणात सगळे विषय काढायचा हट्ट धरल्यानेच पुष्कळांचं पूर्ण वर्ष जातं.

त्रास मैत्रिणीला असेल तर

काही वाचक इथे स्वतःसाठी आलेले नसतील. मैत्रीण खोलीबाहेर पडत नाही, मित्राने आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलला. काय करायचं?

थेट विचारा: ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट पुष्कळांना विचारलं गेल्याचा सुटकारा वाटतो. पण ‘तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला ‘नाही’ हे एकच उत्तर चालतं. उत्तर ‘हो’ आलं तर हबकून भाषण देऊ नका. आईवडिलांचा विचार कर, इतरांना किती दुःखं असतात बघ, या वाक्यांनी अपराधीपणा तेवढा वाढतो. ऐका, आणि पुढचं विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, त्यासाठी काही जवळ ठेवलंय का, आज रात्री भीती वाटतेय का.

ठरवलेलं असेल तर एकटं सोडायचं नाही. जवळ ठेवलेलं काही असेल ते तिच्याशी बोलून दूर करा. इजा करण्याचं साधन हाताशी नसलं तर मधला जीवघेणा काळ निघून जातो. तो काळ पुष्कळदा थोडाच असतो. मग मोठ्या माणसाला, वॉर्डनला, समुपदेशकाला किंवा हेल्पलाइनला कळवा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. आधीच दिलं असेल तर ते मोडा. मैत्रीण चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल.

पुढच्या दिवसांत तिला एका कागदावर सुरक्षेची योजना लिहायला मदत करता येते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली ही पद्धत आज अनेक देशांत वापरतात. तिच्यात सहा गोष्टी क्रमाने लिहायच्या: वाईट वेळ जवळ आल्याच्या खुणा, एकटीने करता येण्यासारखं काही, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि आजूबाजूची जागा सुरक्षित कशी ठेवायची ते. शक्यतो ही योजना समुपदेशकाबरोबर बसून करावी. कागदाचा फोटो दोघींच्या फोनमध्ये ठेवा.

आणि तुम्ही तिच्या थेरपिस्ट नाही. रात्री दोनला रोज फोन घेत राहिलात तर दोन महिन्यांनी तुमचीही झोप जाईल. हे काम तीन-चार जणांनी वाटून घ्या. तुमच्यासाठीही त्याच केंद्रात वेळ मिळते, मित्राची काळजी हे पुरेसं कारण धरतात.

बरं वाटल्यानंतर

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चांगल्या दहा दिवसांनंतर दोन वाईट दिवस येतात आणि सगळं पाण्यात गेलं असं वाटतं. नोंदवही उघडून महिन्यापूर्वीचं पान बघा.

सुट्टी घेऊन परत येत असाल तर पहिल्या सेमिस्टरला विषय कमी घ्या आणि लोकांना काय सांगायचं ते एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. ‘तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे’ एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. थेरपी संपवायच्या आधी समुपदेशकाबरोबर बसून आपल्या सुरुवातीच्या खुणांची यादी करा. कोणाची पहिली खूण फोन न उचलणं असते, कोणाची जेवण टाळणं, कोणाची खोली आवरणं बंद होणं. ही यादी चौथ्या पायरीतल्या त्या एका माणसाकडे देऊन ठेवा आणि सांगा, यातल्या दोन खुणा सलग आठवडाभर दिसल्या तर मला न विचारता अपॉइंटमेंट घे.